घळईतील लोखंडी वाट : पोलादाचा आधार आणि पाण्याचे भान

उत्तर इटलीमध्ये गार्डा नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. या सरोवराच्या उत्तरेस, त्रेंतो प्रांतातील सार्का नदीच्या खोऱ्यात द्रो आणि द्रेना ही दोन गावे वसलेली आहेत. द्रो खोऱ्याच्या तळाशी, तर द्रेना वर डोंगराच्या उतारावर. या दोहोंच्या दरम्यान साल्लागोनी नावाच्या एका ओढ्याने हजारो वर्षे चुनखडक कापून अतिशय अरुंद अशी घळई तयार केली आहे. घळईच्या तोंडाशी उभे राहिले असता दोन्ही बाजूंस सरळ उभ्या कातळभिंती, पायांखाली खळाळते पाणी आणि माथ्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी एवढेच दृष्टीस पडते. दोराच्या साहाय्याने कातळ चढण्यात मुरलेल्या आरोहकाखेरीज अन्य कोणी या भिंतीवर पाऊल ठेवण्याचे धाडस करू नये, असेच कोणासही वाटेल.

तथापि आज याच भिंतीवरून सामान्य प्रकृतीची, परंतु उंचीचे भय नसलेली माणसे चढून जातात. कातळात बसविलेल्या लोखंडी पायऱ्या आणि त्यांच्या सोबतीने ताणून बांधलेला पोलादी तारदोर हे त्यांचे साधन होय. प्रारंभीचा टप्पा सर्वांत अवघड. तेथे पाण्याच्या वर, भिंतीला जवळजवळ बिलगून पुढे सरकावे लागते. पुढे दोन ठिकाणी तारेच्या पुलावरून घळई ओलांडावी लागते. हा पूल म्हणजे पाय ठेवण्यास एक तार आणि हातांनी धरण्यास दोन तारा, एवढेच. अखेरीस ही वाट द्रेना येथील जुन्या किल्ल्यापाशी निघते. सन १७०३ मध्ये फ्रेंच सैन्याने हा किल्ला उद्ध्वस्त केला. त्याचा बुरूज मात्र अद्याप उभा आहे. किल्ल्याशी संपणारी अवघड वाट महाराष्ट्रातील वाचकांस अगदीच परकी वाटू नये.

अशा वाटांचे स्वरूप काय, त्या सुरक्षित कशा राखल्या जातात आणि विशेषतः नदीच्या घळईत त्यांची जोखीम वेगळी का ठरते, याचा विचार येथे करावयाचा आहे. डोंगराळ भागातील ग्रामपंचायतींकडे आणि तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांकडे साहसी पर्यटनाचे निरनिराळे प्रस्ताव येऊ लागले आहेत. त्यामुळे हा विषय केवळ हौशी गिर्यारोहकांपुरता राहिलेला नाही.

नाव आणि इतिहास

इटालियन भाषेत या वाटांना ‘व्हिया फेराटा’ असे म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ लोहमार्ग असा होतो. परंतु आपल्याकडे लोहमार्ग म्हटले की आगगाडीच डोळ्यांपुढे येते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘लोखंडी वाट’ असाच साधा शब्द वापरला आहे.

या वाटांचा उगम ऑस्ट्रियात झाला. फ्रीडरिख सिमोनी या भूगोलतज्ज्ञाने १८४३ मध्ये डाखश्टाइन या पर्वताच्या चढणीवर लोखंडी मेखा, कड्या आणि दोर बसवून घेतले. संशोधनासाठी शिखरावर वारंवार जाणे सुलभ व्हावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १८६९ मध्ये ऑस्ट्रियातील सर्वोच्च शिखर ग्रोसग्लोकनर येथेही अशी सोय करण्यात आली. मात्र या वाटांचा खरा विस्तार घडवून आणला तो पहिल्या महायुद्धाने. १९१५ च्या मे महिन्यात इटली युद्धात उतरला आणि डोलोमाइट पर्वतराजीत इटालियन व ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. तोफा, दारूगोळा, शिधा आणि जखमी सैनिक यांची ने-आण उभ्या कातळांवरून करावयाची होती. त्यासाठी दोन्ही सैन्यांनी शिड्या, मेखा आणि दोर यांचे जाळेच विणले. १९१७ च्या शरद ऋतूत आघाडी तेथून हलली; परंतु लोखंड मागे राहिले. त्यांपैकी कित्येक वाटांची गिर्यारोहण संस्थांनी पुढे दुरुस्ती केली आणि त्या प्रवाशांसाठी खुल्या झाल्या.

फ्रान्समध्ये अशा प्रकारची पहिली वाट आल्प्समधील फ्रेसिनिएर या गावी १९८८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर त्या देशात अनेक ठिकाणी स्थानिक कम्यूननी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत लहान स्थानिक संस्थांनी, अशा वाटा बांधून घेतल्या. हिवाळ्यात बर्फावरील खेळांसाठी येणारा प्रवासी उन्हाळ्यातही गावात यावा, हा या खटाटोपामागील व्यवहार होता. लोखंडी वाट घळईतून काढण्याची कल्पना या पर्यटनाच्या काळात विशेष फोफावली. सैनिकास घळईत शिरण्याचे कारण नव्हते. त्याला माथा गाठावयाचा होता. प्रवाशाला मात्र पाण्याचा नाद आणि खालची खोली यांचेच आकर्षण असते. वाटेचे स्थान असे बदलले, आणि तिच्याबरोबर धोक्याचे स्वरूपही बदलले.

तारदोर माणसास कसा सावरतो?

लोखंडी वाटेवरील प्रत्येक व्यक्तीच्या कमरेस आणि मांड्यांस हार्नेस नावाचा पट्टा असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते. हार्नेसला दोन लहान पट्ट्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकास कॅरॅबिनर, म्हणजे आपोआप मिटणारी झडप असलेली कडी असते. हे दोन्ही कॅरॅबिनर तारदोरात अडकवून माणूस पुढे सरकतो. तारदोर ठराविक अंतरावर कातळातील मेखेस बांधलेला असतो, आणि मेखेपाशी कॅरॅबिनर काढून पुढील तारेत घालावा लागतो. येथील नियम एकच. पण तो प्राणाइतका मोलाचा आहे. एक कॅरॅबिनर पुढे गेल्यावरच दुसरा काढावयाचा. दोन्ही एकाच वेळी कधीही काढावयाचे नाहीत. त्याचप्रमाणे दोन मेखांमधील तारेवर एका वेळी एकाच माणसाने असावे. वरचा माणूस घसरला तर तो तारेवरून सरकत खालच्या मेखेपर्यंत येतो, आणि तेथे दुसरा कोणी असेल तर त्याच्यावरच आदळतो.

येथे पदार्थविज्ञानातील एक गोष्ट शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगी आहे. नेहमीच्या प्रस्तरारोहणात लांब आणि ताणला जाणारा दोर वापरतात. पडण्याच्या अंतरास पडणे झेलणाऱ्या दोराच्या लांबीने भागले असता जे गुणोत्तर येते, ते तेथे दोनपेक्षा अधिक होऊ शकत नाही. लोखंडी वाटेवर मात्र पट्टी जेमतेम एक मीटरची, आणि माणूस खालच्या मेखेपर्यंत तीन-चार मीटर सहज घसरू शकतो. गुणोत्तर चारवर किंवा त्याहूनही वर जाते. सत्तर किलोग्रॅम वजनाचा माणूस चार मीटर पडला आणि दहा सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्या शरीरावर ढोबळ मानाने २,८७० किलोग्रॅम वजनाइतका ताण येईल. एवढ्या ताणापुढे कणा टिकणार नाही, आणि साधी पट्टीही टिकणार नाही. तोच माणूस जर एक मीटरच्या अंतरात सावकाश थांबला, तर हा ताण सुमारे ३५० किलोग्रॅमवर येतो.

हे थांबणे सावकाश घडवून आणण्यासाठी दोन्ही पट्ट्या जेथे एकत्र येतात तेथे धक्काशोषक बसविलेला असतो. ही एक दुमडून शिवलेली पट्टी असते. धक्का बसताच तिची शिवण क्रमाक्रमाने उसवत जाते आणि उसवण्यातच पडण्याची ऊर्जा खर्ची पडते. एकदा उसवलेला धक्काशोषक पुन्हा वापरता येत नाही. युरोपातील प्रमाणकानुसार ही साधने ४० ते १२० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तींसाठी तपासली जातात. याहून हलक्या मुलाच्या वजनाने शिवण पुरेशी उसवेलच याची खात्री नसते. म्हणून लहान मुलांना वरून वेगळ्या दोराने सांभाळावे लागते. शाळेच्या सहलीची आखणी करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

साधन आहे म्हणून ते शाबूत असेलच असे नाही, याचा प्रत्यय २०१२ मध्ये आला. ऑस्ट्रियातील तिरोल भागात एक आरोहक पडला असता त्याच्या दोन्ही लवचिक पट्ट्या तुटल्या आणि त्याचा मृत्यू झाला. वारंवार ताणल्याने पट्ट्यांतील भार पेलणारे धागे आतल्या आत झिजले होते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र त्या ठाकठीक दिसत होत्या. या दुर्घटनेनंतर अनेक उत्पादकांनी आपली साधने बाजारातून परत मागविली आणि पुढे प्रमाणकही अधिक कडक करण्यात आले. भाड्याने दिल्या जाणाऱ्या साधनांची वापरनोंद ठेवणे किती अगत्याचे आहे, हे यावरून उमगते. नोंदवही हे आपल्या कार्यालयांत थट्टेचा विषय झालेले साधन आहे. येथे मात्र तिच्यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात.

घळईतील पाणी

पडणाऱ्यास तारदोर सावरतो. पण वाहत्या पाण्याविरुद्ध त्याचा उपयोग नाही. उलट, तारेस अडकलेला माणूस पटकन बाजूस पळूही शकत नाही.

घळईत पाणी एकाएकी का चढते, हे साध्या गणिताने समजून घेता येईल. बारा मीटर रुंदीच्या पात्रात तीस सेंटिमीटर खोल वाहणारा ओढा दोन मीटर रुंदीच्या घळईत शिरला, आणि वेग तोच राहिला असे क्षणभर धरले, तर त्याची खोली १.८ मीटर होईल. प्रत्यक्षात वेगही वाढतो, त्यामुळे खोली काहीशी कमी राहते. परंतु त्या वेगापुढे मनुष्याचे पाय टिकत नाहीत. म्हणजे बाहेर घोट्याएवढी वाढ झाली, तर आत ती छातीएवढी जाणवू शकते. शिवाय घळईत उभ्या असलेल्या माणसाला वरचे आकाश फारसे दिसत नाही. पाऊस पडत असतो तो पाच-सात किलोमीटर वर, डोंगराच्या पलीकडील उतारावर. घळईत ऊन असते आणि तरीही पूर येतो. पाणी गढूळ होणे, पाला व काटक्या वाहत येणे, ओढ्याचा आवाज बदलणे, घळईतून एकाएकी थंड वारा सुटणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. मात्र ती दिसू लागतात तेव्हा हाताशी उरलेला वेळ बहुधा मिनिटांतच मोजावा लागतो.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन शहराजवळील साक्सेटबाख या ओढ्याच्या घळईत २७ जुलै १९९९ रोजी पर्यटकांचे मोठे पथक वाटाड्यांसह पाण्यातून खाली उतरत होते. वरच्या बाजूस वादळी पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा घळईत घुसला. त्यात २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत वाटाडेही होते. २००१ मध्ये तेथील न्यायालयाने सहल आयोजित करणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापनातील सहा जणांस निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले. पुढे त्या देशाने व्यावसायिक साहसी उपक्रमांस परवाना आवश्यक करणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. दुर्घटना आणि कायदा यांच्यामध्ये साडेचौदा वर्षे गेली, हेही नमूद करणे भाग आहे.

दक्षिण इटलीत कालाब्रिया प्रांतातील रागानेल्लो नदीच्या घळईत २० ऑगस्ट २०१८ रोजी अशाच लोंढ्याने १० जणांचा बळी घेतला. जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्खेनजवळील हॉलेन्टाल ही घळई तर शतकापूर्वीच बोगदे, कठडे आणि पूल बांधून प्रवाशांसाठी सुगम केलेली आहे. देशातील सर्वोच्च शिखराकडे नेणारी एक लोखंडी वाट याच दरीतून पुढे जाते. तेथेही १६ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या लोंढ्याने एक पूल वाहून नेला आणि जीवितहानी झाली. हॉलेन्टालचे बांधकाम कच्चे नव्हते, देखरेखही नव्हती असे नाही. उन्हाळी दुपारच्या वादळी पावसाने गाठले, एवढेच.

निसर्गाखेरीज पाण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे धरण. फ्रान्समध्ये जलविद्युत केंद्रांच्या खालील नद्यांच्या काठी, हवा स्वच्छ असतानाही पाणी अकस्मात वाढू शकते, असा इशारा देणारे फलक लावलेले असतात. धरणातून विसर्ग सोडण्यापूर्वी भोंगा वाजविण्याची पद्धत आपल्याकडे सर्वांस परिचित आहे. परंतु पाण्याचा घोष घुमत असलेल्या घळईत तो भोंगा ऐकू येईल काय, हा प्रश्न वेगळा आहे.

विजेचाही उल्लेख येथे केला पाहिजे. शेकडो मीटर लांबीचा पोलादी दोर विजेला वाट करून देतो. गडगडाट सुरू झाल्यास तारेपासून दूर व्हावे, असे सर्व मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. पण घळईच्या मध्यावर, तारपुलाजवळ, दूर होणार कोठे?

दोन वेळांचा हिशेब

घळईतील वाट योग्य की अयोग्य, हे ठरविताना लोखंडाच्या जाडीइतकाच दोन वेळांचा हिशेब महत्त्वाचा आहे. वरच्या पाणलोट क्षेत्रात जोराचा पाऊस सुरू झाल्यापासून पाण्याचा लोंढा घळईत पोहोचण्यास लागणारा वेळ हा एक. घळईतील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसास जवळच्या निर्गमवाटेने सुरक्षित उंचीवर येण्यास लागणारा वेळ हा दुसरा. दुसरा वेळ पहिल्याहून अधिक असेल, तर कितीही भक्कम मेखा ठोकल्या तरी ती वाट धोक्याचीच राहते.

हा दुसरा वेळ आपण नेहमी कमी धरतो. तारपुलावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. प्रत्येकास चार मिनिटे लागली तर बारा जणांच्या पथकास एकट्या पुलावरच ४८ मिनिटे लागतात. त्यात एखादा घाबरून मध्येच थांबला, तर मागचे सर्व अडकून पडतात. म्हणूनच विचारपूर्वक बांधलेल्या वाटांवर मध्ये मध्ये घळईच्या काठावर चढून जाणाऱ्या निर्गमवाटा ठेवतात. वाट शक्यतो पुराच्या पातळीच्या वर आखतात. पथकातील माणसांची संख्या मर्यादित ठेवतात, आणि पूर्वसूचना मिळताच प्रवेशद्वार बंद करतात. दरवर्षी बर्फ वितळल्यावर तारा, मेखा आणि सुटे दगड यांची तपासणी करून मगच वाट उघडतात. फ्रान्समध्ये सार्वजनिक सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने गावाच्या महापौरावर असते. वाट बंद करण्याचा आदेशही तोच काढतो. गर्दीच्या दिवशी असा आदेश काढणे कोणत्याही लोकप्रतिनिधीस सोपे नसते. हॉटेलवाले नाराज होतात, दुरून आलेले प्रवासी वाद घालतात. आणि पूर आलाच नाही, तर आदेश काढणाऱ्याची चेष्टा होते. तरीही घळईतील सुरक्षिततेचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सह्याद्रीच्या संदर्भात

महाराष्ट्रात अवघड जागी लोखंडाचा आधार घेण्याची कल्पना नवी नाही. अनेक किल्ल्यांवर शिड्या, साखळदंड आणि कठडे बसविलेले आहेत. रतनगडाच्या शिड्या तर बहुतेक पदभ्रमण करणाऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. परंतु या शिड्यांवर स्वतःस अडकवून घेण्याची सोय नसते. हात सुटला की सर्वच सुटले. लोखंडी वाट आणि साधी शिडी यांतील हा मूलभूत फरक होय.

आपला खडकही वेगळा आहे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट थरांनी बनलेला आहे. त्यातील एखादा थर वज्रासारखा कठीण असतो, तर त्यालगतचा सच्छिद्र किंवा तांबड्या मातीचा थर हाताने उकरता येतो. आल्प्समधील चुनखडकासाठी ठरविलेली मेखेची लांबी येथे जशीच्या तशी लागू पडेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक जागी ओढून पाहण्याची चाचणी घेणे हाच त्यावरील मार्ग आहे. संरक्षित किल्ल्यांवर तर पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीशिवाय कातळास छिद्र पाडता येत नाही.

घळईचा विचार करता अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ असलेली सांधण दरी सर्वांस आठवेल. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती, मधील चिंचोळी वाट आणि हिवाळ्यातही काही ठिकाणी कमरेएवढे साचून राहणारे पाणी हे तिचे वैशिष्ट्य. आल्प्समध्ये उन्हाळी वादळाचा अंदाज करावा लागतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मोसमी पावसाचे चार महिने अंदाजाचा प्रश्नच नसतो. त्या काळात दरीत उतरणे म्हणजे पाण्याच्या वाटेत उभे राहणे होय. खरी कसोटी असते ती मे महिन्यातील वळिवाची आणि परतीच्या पावसाची; कारण त्या दिवसांत सकाळ लख्ख उजाडते आणि प्रवासी निर्धास्त असतात.

लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूस असलेल्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथे लोखंडी वाट नव्हती, साहसी खेळही चालू नव्हता. पाण्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसांभोवती पाणी वाढत गेले आणि काठ काही पावलांवर असूनही त्यांना गाठता आला नाही. दोन वेळांचा हिशेब तेथे असा चुकला.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले असून त्यात अशा उपक्रमांची नोंदणी आणि सुरक्षिततेच्या अटी यांची तरतूद आहे. घळईसंबंधीचा एखादा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आल्यास सदस्यांनी तारेची जाडी आणि तिकिटाचा दर यांच्या आधी काही साधे प्रश्न विचारावेत. वरच्या पाणलोटात पर्जन्यमापक कोठे बसविणार, आणि त्याचे वाचन कोण, किती वेळाने घेणार? तेथून दरीच्या तोंडापर्यंत निरोप कसा पोहोचणार? घळईत भ्रमणध्वनी लागत नाही, हे आधीच गृहीत धरावे. निर्गमवाटा किती आणि दोन निर्गमवाटांमधील अंतर पार करण्यास किती वेळ लागतो? हा वेळ प्रस्तावकाने कागदावर लिहून दिलेला नसावा. गावातील दहा-बारा माणसांनी, त्यांत पन्नाशीच्या पुढील दोघेतिघे असतील असे पाहून, हातात घड्याळ घेऊन तो प्रत्यक्ष मोजलेला असावा. आणि प्रवेशद्वाराच्या कुलपाची किल्ली तिकिटे विकणाऱ्याच्या हाती राहणार की अन्य कोणाच्या, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.